डायनोसॉरचा चारा आणि आपल्या बांधीतला सारस

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले हमखास एक प्रश्न विचारतात, "डायनोसॉर देवानेच निर्माण केले, तर मग ते गेले कुठे? त्यांनी काय पाप केले होते?" आपण हसून विषय बदलतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एवढे बलाढ्य जीव मुळासकट नाहीसे होतात, यात कोणाचा दोष असतो का? आणि आज एखादा जीव आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होत असेल, तर त्याचा जाब कोणाला विचारायचा?

डायनोसॉर म्हटले की आपल्याला परदेश नाहीतर सिनेमा आठवतो. प्रत्यक्षात ते आपल्या विदर्भातच वावरत होते. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शिवारात लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या प्रचंड डायनोसॉरची हाडे सापडली आहेत. दगड झालेल्या शेणाचे गोळेही तिथे सापडतात. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते स्कॉटिश मिशनरी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप (१८१७-१८६३) यांनी एकोणिसाव्या शतकातच या भागातले जीवाश्म गोळा केले होते. बायबल आणि दगड ही दोन्ही त्यांनी मन लावून वाचली.

पुढे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील डॉ. वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचे हे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत गवताचे अवशेष मिळाले. डायनोसॉरच्या काळात गवत होते, हे २००५ साली जगाला त्यावरून समजले. २०११ साली त्यांनी दाखवून दिले की, त्यातले काही गवत भाताच्या कुळातले होते. म्हणजे ज्या धानावर आपला गोंदिया जिल्हा जगतो, त्या धानाचे पूर्वजभाऊ एके काळी डायनोसॉरचा चारा होते! खाणारे संपले आणि चारा मात्र टिकला. आकार आणि ताकद यांचा गर्व करणाऱ्या माणसाने यावर थोडे थांबून विचार करावा.

डायनोसॉर संपले कशाने? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अंदाजे दहा किलोमीटर रुंदीचा एक अशनी आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळला. धूळ आणि काजळीने आकाश झाकले गेले. ऊन नाही म्हणून झाडे वाळली, झाडे वाळली म्हणून पाला खाणारे उपाशी मेले आणि त्यांच्यामागे मांस खाणारेही गेले. त्याच सुमारास आपल्या दख्खनमध्ये लाव्हारसाचे थरावर थर साचत होते. त्यातून निघालेल्या वायूंनी हवामान आधीच बिघडवले होते, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. लहान अंगाचे, थोडक्यात भागवणारे काही जीव त्यातून वाचले. डायनोसॉरचीच एक शाखाही वाचली. ती शाखा म्हणजे आजचे पक्षी.

तेव्हा मुलांना सरळ उत्तर द्यावे की, डायनोसॉरनी काही पाप केले नव्हते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही लोकांनी असाच हिशोब मांडला होता. ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले. पण तो तिथेच थांबला नाही. त्याने प्रश्न ऐकणाऱ्यांकडे वळवला : मेलेल्यांचे राहू द्या, तुम्ही बदलणार आहात का?

तोच प्रश्न आज आपल्यापुढे आहे. गिधाडांचे उदाहरण घ्या. आजारी जनावरांना डायक्लोफेनॅक हे औषध दिले जाई. असे जनावर मेल्यावर ते खाणारी गिधाडे दगावत. गिधाडे मरावीत असे कोणाच्याही मनात नव्हते. कारण कळेपर्यंत गोठ्यातल्या माणसाला दोष देता येणार नाही. पण कारण कळले, २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, आणि तेव्हापासून 'मला ठाऊक नव्हते' ही सबब संपली. अशनीला ज्ञान नव्हते. आपल्याला आहे. अशनी आणि माणूस यांत फरक आहे तो हाच.

आता आपल्या बांधीकडे या. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेला सारस, जवळपास माणसाएवढा, महाराष्ट्रात आता मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. तोही मोजकाच. तो तलावात आणि धानाच्या बांधीत घरटे करतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. विजेच्या तारा, शेतातली विषारी औषधे आणि आटत चाललेले तलाव त्याच्या जिवावर उठले आहेत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. सारसाच्या घरट्यापायी बांधीतले धान तुडवले जाते, आणि ते नुकसान सोसतो लहान शेतकरी. पक्षी वाचवा म्हणणारे बहुतेक जण शहरात राहतात. एकाने सोसायचे आणि दुसऱ्याने पुण्य मिळवायचे, हा न्याय नव्हे. असे असूनही आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक शेतकऱ्यांनी घरट्यांची राखण केली आहे. त्यांचा भार आपण सर्वांनी वाटून घ्यायला हवा. नुकसानभरपाईसाठी त्यांच्यासोबत उभे राहावे, तलावाच्या काठी कचरा व विष टाकू नये, आपल्या शेतात औषध बेताने फवारावे. यांतले एक तरी काम प्रत्येक घराला जमेल.

परमगुरू फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या २०१५ सालच्या परिपत्रकात बजावले होते की, आपल्यामुळे नाहीसा झालेला जीव आपल्या अस्तित्वाने देवाचे गौरव करू शकत नाही, आणि तो हिरावण्याचा आपल्याला अधिकार नाही. शिलोहाच्या बुरुजानंतर लगेच प्रभूने एक दाखला सांगितला. फळ न देणारे अंजिराचे झाड मालक तोडायला निघाला, तेव्हा माळ्याने आणखी एका वर्षाची मुदत मागून घेतली : तोवर मी मुळाशी खणीन, खत घालीन. डायनोसॉरसाठी अशी मुदत मागणारे कोणी नव्हते. सारसासाठी आपण आहोत. येत्या रोवणीच्या हंगामात त्या माळ्याची आठवण ठेवू या.