दानपेटी आणि काटकसर

स्पेनमधल्या गालिसियातल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला शहराकडे, संत याकोबाच्या समाधीच्या दर्शनाला पायी निघालेल्या यात्रेकरूला वाटेतल्या काही धर्मशाळांत रात्री सगळ्यांच्या पंगतीला जेवायला मिळतं आणि बिल कुणी देत नाही. ला रिओखातल्या ग्रान्योन गावच्या चर्चमध्ये तर पेटी उघडीच असते: जमेल तेवढं टाका, अडचण असेल तर त्यातून घ्यासुद्धा. कमी पैशांत फिरणाऱ्याला ही खर्च वाचवायची सोय वाटते. तसं वाटणं स्वाभाविक असलं तरी धर्मदृष्ट्या ते चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. अशा ठिकाणी आजचं सूप आणि पाव कालच्या यात्रेकरूंनी टाकलेल्या पैशांतून येतात. ऐपत असून काही न टाकता उठणारा माणूस कुणा धनिक यजमानाचं खात नाही. उद्या येणाऱ्या, कदाचित खरोखर कफल्लक असलेल्या पांथस्थाच्या ताटातलं खातो. काटकसर म्हणजे स्वतःची गरज आवरणं. इथे गरज आहे तेवढीच राहते, भार मात्र दुसऱ्याच्या खांद्यावर जातो.

देणाऱ्याने काही मागितलंच नाही, मग न देण्यात दोष कसला, असा आक्षेप येईल. पण न मागणं हा देणाऱ्याचा धर्म झाला. त्याने घेणाऱ्याचा धर्म संपत नाही. आपल्याकडे माधुकरी मागणाऱ्यालाही बंधन होतंच: घरोघरी थोडं घ्यायचं, साठवायचं नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अतिथीत ईश्वर पाहायचा तर श्रीमंत-गरीब असा भेद कशाला? सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमांचं 53वं प्रकरण प्रत्येक पाहुण्याचं ख्रिस्त मानून स्वागत करायला सांगतं, हे खरं. पण तेच प्रकरण पुढे गरिबांची आणि यात्रेकरूंची विशेष काळजी घ्यायला बजावतं, कारण श्रीमंताला त्याच्या दबदब्यामुळेच मान मिळतो. स्वागत सर्वांचं, अग्रक्रम गरजवंताचा. मग सरळ दर ठरवून का टाकत नाहीत? कारण दाराशी दर लिहिला की ज्याच्यासाठी ते दार उघडं ठेवलं, नेमका तोच परत फिरेल.

खुद्द सान्तियागोत हा प्रश्न अधिक अवघड होतो. फर्नांडो आणि इसाबेल या राजदांपत्याने उभारलेल्या यात्रेकरूंच्या रुग्णालयात 1954पासून सरकारी आलिशान हॉटेल आहे आणि जुन्या अन्नदानाची आठवण म्हणून तिथे रोज पहिल्या दहा यात्रेकरूंना फुकट जेवण देण्याची प्रथा चालत आली आहे. ही निवड आधी पोहोचण्यावर ठरते, भुकेवर नाही. खिशात पैसे असलेल्याने तिथली आपली जागा मागच्याला द्यावी, एवढी अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. कारण त्याच शहरात त्याला स्वस्तात जेवता येतं. दुपारी साध्या उपाहारगृहांत ‘मेनू देल दिया’ मिळतो: ठरलेल्या दरात दोन पदार्थ, पाव, वाइन किंवा पाणी आणि शेवटी काहीतरी गोड. रात्री ग्लासभर वाइनबरोबर बऱ्याच बारमध्ये तोर्तियाचा, म्हणजे बटाटा घातलेल्या जाड ऑम्लेटचा, तुकडा येतो. ते अन्न स्वस्त असलं तरी त्याची किंमत खाणाराच मोजतो. आणि ज्याचे पैसे वाटेत खरोखरच संपले असतील, त्याने दानाच्या पंगतीत निःसंकोच बसावं. पेटीत एक नाणंही न टाकता.