मीठ कमी करा

आमच्या डॉक्टरांचं एक वाक्य ठरलेलं आहे. 'मीठ कमी करा.' रक्तदाब दाखवायला गेलो तेव्हा ते असं म्हणाले, हे मी समजू शकतो. पण विसर्जनाच्या गर्दीत माझा पाय मुरगळला तेव्हाही, पायाला क्रेप बँडेज गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "आणि हो, मीठ जरा कमी करा." आमच्या सौभाग्यवतींचा असा ग्रह आहे की हे वाक्य त्यांच्या कागदावर छापूनच आलेलं असतं, औषधं तेवढी ते हातानं लिहितात.

पूर्वी याच दवाखान्यात एक कंपाउंडर असे. बाटलीला कात्रीनं कातरलेली कागदाची पट्टी डकवून तो गुलाबी औषध द्यायचा. तेव्हा डॉक्टरांचा सगळा उपदेश 'तेलकट नको' या दोन शब्दांत आटपत असे. पुढे कंपाउंडर गेला, बाटली गेली आणि उपदेश वाढला. पूर्वी माणसाला सवयी असत, आता त्याला 'लाइफस्टाइल' असते. सवय बायको काढते, लाइफस्टाइल काढायला डॉक्टर लागतो, एवढाच काय तो फरक. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा चमचासुद्धा पुरता भरत नाही. आमच्या घरात एवढं मीठ पानाच्या डाव्या बाजूलाच संपतं. उजवीकडे जाईपर्यंत संघटना हात टेकते.

आता खरी गंमत अशी की, आमच्या डॉक्टरांचं स्वतःचं पोट टेबलाच्या आधी खोलीत शिरतं. संध्याकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी कोपऱ्यावरच्या गाडीवर बटाटेवडा खाताना मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलंय. वर चटणी मागून घेत होते. मी घरी येऊन म्हटलं, "या माणसाला आपल्याला सांगायचा काय अधिकार?" तर ही म्हणाली, "मैलाचा दगड पुण्याचा रस्ता दाखवतो. तो स्वतः कधी पुण्याला जातो का?" या वाक्यापुढे मी तत्त्वज्ञानातून निवृत्त झालो.

एकदा मी डॉक्टरांनाच विचारलं, "तुमचं कुणी ऐकतं का हो?"

"नाही," ते शांतपणे म्हणाले. "पण मी बोललो नाही, तर पेशंटला वाटतं सगळं ठीक आहे. माझ्या गप्प बसण्याचाही लोक अर्थ काढतात."

हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. ते कळलं अण्णांच्या वेळी.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. मूळचे कोकणातले, त्यामुळे मीठ हा त्यांच्या दृष्टीनं पदार्थ नव्हता, जन्मसिद्ध हक्क होता. दहीभात आणि तळलेली सांडगी मिरची, ती ताकामिठात मुरवून, उन्हात कडक वाळवलेली, यावाचून त्यांचं जेवण पुरं झालं नाही. आमच्याच डॉक्टरांनी त्यांना चाळीस वर्षं मीठ कमी करायला सांगितलं. अण्णा दर वेळी 'बरं' म्हणत आणि थोडंसं कमी करीतही. चार मिरच्यांच्या दोन झाल्या, दोनांची एक झाली. वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांचं हृदय थकलं, त्यापाठोपाठ मूत्रपिंडं थकली, पायांना सूज आली, धाप लागू लागली. मुलानं त्यांना एका मोठ्या इस्पितळात नेलं. नाव सांगत नाही. काचेचे दरवाजे आपोआप उघडतात आणि बिल भरल्याशिवाय आपोआप बंद राहतात, इतपत खूण पुरे.

तिथे अण्णांचे तुकडे पडले. म्हणजे शस्त्रक्रिया वगैरे नव्हे, वाटणी. हृदयाला एक डॉक्टर, मूत्रपिंडाला दुसरे, फुफ्फुसाला तिसरे. हृदयवाले म्हणत, अंगातलं पाणी काढा. मूत्रपिंडवाले म्हणत, पाणी फार काढलंत. दोघंही बरोबर होते, हीच पंचाईत होती. अख्खे अण्णा मात्र कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. रोज अकरा वाजता नातीच्या वयाची एक आहारतज्ज्ञ मुलगी यायची आणि गोड आवाजात सांगायची, "आजोबा, आता आपण हेल्दी सवयी लावून घ्यायच्या हं." मग उकडलेला दुधी यायचा. अळणी. अण्णा त्या दुधीकडे, पूर्वी कचेरीत नव्या साहेबाकडे बघत तसे बघायचे.

चौथ्या दिवशी मी एकटा असताना त्यांनी विचारलं, "खरं सांग. मी मरतोय का?"

मी म्हटलं, "छे! डॉक्टर म्हणाले, सोमवारी घरी."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की, आपल्यात एक राजकीय पुढारी वाया गेला, असं मलाच वाटलं. अण्णा थोडा वेळ छताकडे बघत राहिले. "बरा होत असेन, तर नागपूरचा तो बारा वर्षांनी भेटायला का आला? आणि मरत असेन, तर माझं मीठ का बंद?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बाहेर जाऊन तो शिकाऊ डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, "सरांना विचारा." सर म्हणाले, "आमचे प्रयत्न चालू आहेत." सिस्टर काहीच म्हणाल्या नाहीत, फक्त माझ्याकडे अशा बघून हसल्या की मला सगळं कळलं. रात्री अण्णांची पाठ पुसणाऱ्या, कूस बदलणाऱ्या त्याच. त्यांना सगळं ठाऊक असतं, पण बोलायची मुभा नसते. ज्यांना मुभा असते ते दिवसातून तीन मिनिटं येतात.

मी त्या रात्री इस्पितळातल्या बाकावर बसून, माझ्या अंगी नसलेला व्यासंग करू लागलो. चरकसंहितेत म्हणे उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि चौथा रोगी. आमच्याकडे पहिले तीन पाय उत्तम पॉलिश केलेले होते. चौथ्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. त्याच ग्रंथात असाध्य रोगांचे पुन्हा दोन प्रकार केले आहेत. एक, ज्याच्यापुढे हात जोडायचे तो. आणि दुसरा 'याप्य', म्हणजे बरा होणार नाही, पण काळजी घेऊन सुसह्य करता येईल असा. मला हा शब्द फार आवडला. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या बाईंनी 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं, ते या एका शब्दासाठीच काढलं म्हणायला हरकत नाही. बाई आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि मग डॉक्टर. मरणाऱ्या माणसाला तिन्ही लागतात, हे कळायला तिन्ही व्हावं लागलं असेल. आपल्याकडे वांद्र्याला 1986 साली शांती अवेदना सदन निघालं. पण आमच्या त्या काचेच्या इमारतीत 'बरं करणं' आणि 'हात वर करणं' यांच्यामध्ये खोलीच बांधलेली नव्हती.

मधूनच विनोबाही आठवले. 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि गेले. पण ते विनोबा होते. आमच्या अण्णांना काही सोडायचं नव्हतं, उलट एक मिरची धरायची होती.

दुसऱ्या दिवशी आमचे डॉक्टर आले. स्कूटरवरून, व्हिजिटिंग अवर्समध्ये, आपल्यातुपल्यासारखा पास काढून. तिथे त्यांना काडीचा अधिकार नव्हता. त्यांनी फाईल पाहिली, मग स्टूल ओढून अण्णांच्या उशाशी बसले आणि चांगली वीस मिनिटं बसले. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता:

"अण्णा, काय हवंय?"

"घर," अण्णा म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "आणि मिरची."

"घरी गेलात तर बरे होणार नाही. इथे राहूनही होणार नाही."

मी दाराशी उभा होतो. मला वाटलं, आता अण्णा कोसळणार. अण्णा चार दिवसांत पहिल्यांदाच मोकळं हसले. "तेच या गाढवाला विचारत होतो," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले.

अण्णा घरी आले. कॉटचा डोक्याकडचा भाग उंच केला, ऑक्सिजनचं यंत्र भाड्यानं आणलं, धापेचं औषध ठरलं, रात्रीसाठी एक सिस्टर ठेवल्या. मिरचीवर मात्र घरात रण माजलं. चुलत भाऊ म्हणाला, "मिठानं पुन्हा पाणी साठलं आणि दोन दिवस आधी गेले तर?" प्रश्न अगदी रास्त होता. मिरची म्हणजे काही गंगाजल नव्हे. आणि मी भावाला हसलो नाही, कारण तो मिठाबद्दल बोलत नव्हता, आपल्या हातून बाप जाऊ नये याबद्दल बोलत होता.

डॉक्टर म्हणाले, "चाळीस वर्षं मीच नको म्हणत होतो. ते बरोबरच होतं, म्हणून तर हे सत्त्याऐंशीपर्यंत आले. आता मीच द्या म्हणतोय. काही झालं तर माझं नाव सांगा."

माझ्या मते त्यांनी त्या दिवशी दिलेलं सगळ्यात मोठं औषध हेच होतं. 'नको' म्हणायला फी घेणारे पुष्कळ असतात. 'आता चालेल' म्हणायचं, आणि त्याचं ओझं मुलाच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घ्यायचं, याची फी कशी लावणार? त्यांनी लावलीही नाही.

वहिनींनी दहीभात कालवला, मिरची तळली. अण्णांनी शेंडा मोडून तोंडात घातला, डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. अण्णा म्हणाले, "शी! किती खारट झालीय!"

चार दिवसांच्या दुधीनं जीभ बिघडवली होती. चाळीस वर्षांत डॉक्टरांना जमलं नाही ते! डॉक्टर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. अकराव्या दिवशी पहाटे अण्णा गेले. ते आणखी दोन दिवस जगले असते का, हा हिशेब माझा भाऊ अजून अधूनमधून मांडतो. मीही मांडतो. त्याला तसं सांगत नाही, इतकंच.

त्यानंतर मी माझा कागद करायचं ठरवलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या मार्चमध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली, पण वाट अवघड होती, मॅजिस्ट्रेटपर्यंत जावं लागे. जानेवारी 2023 मध्ये ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी आमच्या नेहमीच्या नोटरीकडे गेलो. जन्मभर भाडेकरार केलेला माणूस. कागदावरून वर न बघताच त्यानं विचारलं, "मुदत किती? अकरा महिने?"

मी म्हटलं, "ते माझ्या हातात असतं तर इथे आलो असतो का?"

या कागदाची एक प्रत फॅमिली डॉक्टरला द्यायची असते. नियमात पुढे 'असल्यास' असा शब्द आहे. ही जात दुर्मीळ होत चालली आहे, हे न्यायालयालाही ठाऊक असावं. आमचे अजून आहेत, म्हणून मी प्रत घेऊन गेलो. कृत्रिम श्वास नको, नळ्या नकोत, सगळं रीतसर लिहिलेलं होतं. फक्त मिरचीसाठी त्यात जागा नव्हती, ती मी समासात पेन्सिलीनं लिहिली होती.

डॉक्टरांनी चष्मा सारखा करून पूर्ण कागद वाचला. समासही वाचला. घडी घालून खणात ठेवला आणि माझ्या दंडाला पट्टा बांधत म्हणाले, "ते त्या वेळी बघू. सध्या मीठ कमी करा."