तू बसशील का?

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या मरीन दलाकडे सीएच-४६ सी नाइट नावाचं हेलिकॉप्टर होतं. जमिनीवर उभं असलं की नाक वर करून बसकण मारल्यासारखं दिसे, म्हणून सैनिक त्याला ‘फ्रॉग’ म्हणत, म्हणजे बेडूक. १९६६ साली ते व्हिएतनामात आलं. पुढे एक पंखा, मागे एक, प्रत्येकाला तीन पाती, आणि दोन्ही पंख्यांची वर्तुळं एकमेकांत शिरलेली. गोफ विणताना गडी जसे एकमेकांच्या मधून निघून जातात, तशी ती पाती एकमेकांच्या मधून फिरत. त्यांचा ताल चुकू नये म्हणून छतावरून एक लांब शाफ्ट गेलेला असे. तो तुटला, की पात्याला पातं भिडणार आणि हेलिकॉप्टर हवेतच मोडणार.

अशा प्रत्येक हेलिकॉप्टरला एक क्रू चीफ असे. दुरुस्ती, तेलपाणी, तपासणी ही सगळी त्याची जबाबदारी. रात्री त्याच्या हातात पाना, दिवसा खिडकीतली मशीनगन. कारण मरीनांची रीतच अशी होती की ज्या हेलिकॉप्टरच्या तपासणीखाली त्याची सही, त्याच हेलिकॉप्टरमधून त्यानेही उडायचं.

आपल्या गोष्टीतला क्रू चीफ बावीस वर्षांचा सार्जंट होता. १९६७ च्या उन्हाळ्यात त्याने वाईट दिवस पाहिले होते. काही फ्रॉगचे मागचे पंखे शेपटीसकट हवेतच तुटून पडले, आतली माणसं गेली. निकडीची कामं सोडून सगळी हेलिकॉप्टरं जमिनीवर ठेवली गेली. मागचा सांगाडा भक्कम करून मगच ती पुन्हा उडू लागली. त्या काळात त्याला एक सवय लागली. हाताखालचं पोरगं ‘काम झालं’ म्हणालं, की हा एवढंच विचारी, “तू बसशील का यात?”

पोरं वैतागत. कुणी म्हणे, सार्जंटचा आपल्यावर विश्वास नाही. कुणी म्हणे, भेदरलाय.

१९६८ उजाडलं. २१ जानेवारीला खे सानच्या मरीन तळावर तोफगोळ्यांचा मारा सुरू झाला आणि तळाला वेढा पडला. तो सत्त्याहत्तर दिवस चालला. तळाभोवतीच्या टेकड्यांवर मरीनांच्या तुकड्या अडकलेल्या. त्या टेकड्यांना नावं नव्हती, नकाशावरची उंचीच त्यांचं नाव: ८६१, ८८१ साउथ. तिथे ना रस्ता ना पाणी. गोळ्या, जेवणाचे डबे, पिण्याचं पाणी, सगळं हेलिकॉप्टरने न्यायचं आणि येताना जखमींना आणायचं. धुकं दाट, आणि ते विरलं की शत्रूच्या विमानविरोधी तोफांना हेलिकॉप्टर स्पष्ट दिसे. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस नवी युक्ती निघाली. आधी जेट विमानांनी टेकडीभोवती बॉम्ब आणि धूर टाकायचा, आणि त्याच धुरातून फ्रॉगच्या रांगेने पोटाखाली जाळ्यात लटकवलेलं सामान टेकडीवर सोडून निघून यायचं.

त्यातल्याच एका फेरीची आदली रात्र. क्वांग त्रीच्या धावपट्टीजवळ आपल्या सार्जंटच्या हेलिकॉप्टरचा शाफ्ट उघडलेला होता. जोडणीचे बोल्ट नवे बसवायचे होते. काम एकोणीस वर्षांच्या एका नव्या मेकॅनिककडे होतं. छतावर पालथं पडून, दातात टॉर्च धरून त्याने बोल्ट आवळले. मग त्यांच्या डोक्यांतल्या भोकांतून बारीक तार ओवून पीळ दिला. ही तार बोल्टला धरून ठेवते. ती अशा बाजूने ओढून बांधायची असते, की बोल्ट हलू लागला तर तारेने त्याला उलट आवळावं. पहाटेचे तीन वाजले होते. पोरगं खाली उतरलं, हात पुसत म्हणालं, “झालं, सार्जंट. करा सही.”

“तू बसशील का यात?”

“बसेन की.”

“मग उद्या बस. आमचा गनर तापाने पडलाय. त्याच्या जागी तू चल.”

पोरगं क्षणभर गप्प राहिलं. काही न बोलता टॉर्च उचलून पुन्हा वर चढलं. एकेका बोल्टवरून बोट फिरवत गेलं. तिसऱ्या बोल्टपाशी बोट थांबलं. तार उलट बाजूने ओढलेली होती. बोल्ट सुटायला लागला असता, तर तारेने त्याला धरलं नसतं, सुटायला मोकळीकच दिली असती. पोराने पक्कड मागितली, तार तोडली, नवी ओवली. मग बाकीचे सगळे बोल्ट पुन्हा पाहिले.

खाली येऊन त्याने विचारलं, “तुम्हाला ती दिसली होती?”

“नाही,” सार्जंट म्हणाला. “आता वर जाऊन मी पाहणारच होतो. पण मीही दमलोय. माझ्याही नजरेतून सुटली असती.”

“मग मला का विचारलंत?”

“मी सगळ्यांनाच विचारतो. सही करायच्या आधी स्वतःलाही.”

दुसऱ्या दिवशी ते पोरगं खिडकीत मशीनगन धरून बसलं होतं, पण त्याचा अर्धा जीव डोक्यावरच्या शाफ्टच्या घरघरीत अडकला होता. धूर, खालून येणाऱ्या गोळ्या, टेकडीवर धपकन सुटलेलं जाळं, मग एकदम हलकं होऊन वर उसळलेलं हेलिकॉप्टर. सगळे सुखरूप परतले. जुनी तार तशीच राहिली असती तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या पोरानेही ते कधी विचारलं नाही. मात्र पुढे त्याच्या हाताखाली नवा मेकॅनिक आला, तेव्हा तोच प्रश्न त्याच्या तोंडी होता.

युद्ध संपलं. सार्जंट गावी परतला आणि शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजात लागला. लोक त्याला लढाईबद्दल विचारत, आणि तो मात्र तारेची गोष्ट सांगे. एकदा एका मेकॅनिकने ब्रेकचं काम उरकून कागद सहीसाठी पुढे केला. सार्जंटने विचारलं, “तुझी मुलगी कुठल्या बसने जाते?”

“तिची बस वेगळी आहे.”

“उद्या ती याच बसने जाणार, असं समजून एकदा बघ.”

मेकॅनिक पुन्हा गाडीखाली शिरला.

ज्याची सही त्याचाच जीव, अशी व्यवस्था असली की माणूस आपोआप दुसऱ्यांदा बघतो. पण जगातली बहुतेक कामं अशी नसतात. पूल बांधणारा रोज त्या पुलावरून जात नाही, औषध तपासणारा ते स्वतः घेत नाही, नकाशावर सही करणारा त्या इमारतीत राहत नाही. तिथे डोक्यावर सार्जंट उभा नसतो. म्हणून दुसऱ्याचा भार वाहणारं काम हातावेगळं करण्याआधी हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा, आणि उत्तर देताना जीभ जराशी जरी अडखळली, तरी पुन्हा वर चढावं.