नाव पुसलेला माउथपीस

इंडियानातलं एल्कहार्ट हे वाद्यांचं गाव. अमेरिकेतला पहिला सॅक्सोफोन 1880च्या दशकाच्या अखेरीस इथंच, कॉन या वाद्यकंपनीच्या कारखान्यात घडला. तिथल्या जुन्या बाजारातून मी एक माउथपीस आणला. एबोनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा. उजेडानं काळ्याचा हिरवट झालेला. गरम पाण्यानं रंग आणखी उतरतो, म्हणून गार पाण्यानंच धुतला. गंधकाचा वास तरी राहिलाच. बनवणाऱ्याचं नाव पार झिजलंय, पण वाजवणाऱ्याच्या दातांच्या दोन खाचा शाबूत आहेत! किती वर्षं फुंकलं असेल त्या माणसानं? रीड ओली करून बसवली. माझे दात आपसूक त्याच खाचांत टेकले. पहिल्यांदा नुसती हवा गेली. मग एक घोगरा, उबदार सूर निघाला आणि खोलीभर थांबला.