कुटुंबवत्सल

नोव्हेंबर महिना लागला की आपल्या दफनभूमीत वर्दळ सुरू होते. कबरी धुऊन स्वच्छ केल्या जातात, फुले वाहिली जातात, संध्याकाळी मेणबत्त्या पेटतात. आपल्या माणसांच्या कबरीवर प्रार्थना झाली की आम्हाला इतरांच्या पाट्या वाचत फिरण्याची सवय आहे. पुरुषांच्या पाटीवर एक शब्द हमखास आढळतो : ‘कुटुंबवत्सल’. वर्तमानपत्रातील निधनवार्तेतही तोच, आणि चाळिसाव्याच्या मिस्सानंतर कोणी बोलायला उभे राहिले तरी तोच.

परंतु त्या पाट्यांखाली विसावलेली सगळीच माणसे घरात बसणारी नव्हती. कोणी दहा-दहा महिने बोटीवर होते, कोणी गल्फमध्ये. कोणी कोळी, ज्यांचे आयुष्य होडीवर गेले. कोणी पहाटे तीन वाजता भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईला निघायचे आणि परत आले की वाडीत जायचे. त्यांच्या मुलांना बाबा आठवतात ते पाठमोरे. मग हा शब्द त्यांना लावताना आपण खोटे बोलतो का? की मेलेल्या माणसाविषयी चांगलेच बोलावे म्हणून बोलतो? हा प्रश्न आमच्या मनात बरीच वर्षे आहे आणि त्याचा विचार करताना आपल्या गावाबाहेरचा एक माणूस आम्हाला पुन्हा पुन्हा आठवतो. तो सर्वांना ठाऊक आहे, पण अर्धाच.

सर एडमंड हिलरी. जन्म 20 जुलै 1919, न्यूझीलंड. वडिलांचा मधमाश्या पाळण्याचा धंदा. 1,600 पेट्या आणि दोन मुलगे, एडमंड व रेक्स. शाळेच्या पुस्तकात आपण एवढेच वाचले की 29 मे 1953 रोजी हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. पुस्तकात नव्हते ते असे की, थोरला भाऊ हिमालयात असताना घरच्या पेट्या रेक्स सांभाळत होता. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे घरी कोणीतरी त्याचे काम उचलत असते. आपल्या बोटीवरच्या माणसांच्या बायकांना हे सांगायला नको.

शिखरावरचे ते प्रसिद्ध छायाचित्र आठवून पाहा. बर्फकुऱ्हाड उंचावून उभा असलेला माणूस तेनसिंग आहे. हिलरींचे शिखरावर छायाचित्रच नाही, कारण कॅमेरा त्यांच्या हातात होता. आपल्या घरच्या आल्बममध्येही वडील असेच नसतात. त्या दोघांनी वर काय ठेवले हेही सांगण्यासारखे आहे. मोहिमेचे नेते कर्नल हंट यांना एका बेनेडिक्टाईन धर्मगुरूंनी लहानसा क्रूस दिला होता. हंट यांनी तो हिलरींकडे सोपवला आणि हिलरींनी तो शिखरावरील बर्फात पुरला. तेनसिंगने आपल्या देवासाठी थोडा खाऊ ठेवला आणि त्याबरोबर एक लहानशी पेन्सिल, जी दार्जिलिंगहून निघताना त्याच्या मुलीने, नीमाने, दिली होती.

एव्हरेस्ट चढणारा हा माणूस पोरीला मागणी घालायला मात्र घाबरला! लुईस रोझ ही व्हायोला वाजवणारी तरुणी त्यांना आवडत होती, पण तोंड उघडेना. शेवटी लुईसच्या आईनेच टेलिफोन करून लेकीला त्यांच्या वतीने विचारले. सप्टेंबर 1953 मध्ये लग्न झाले. पुढे पीटर, सेरा आणि बेलिंडा अशी तीन मुले.

आणि बाप घराबाहेरच. 1956 च्या डिसेंबरात हिलरी अंटार्क्टिकाला निघाले तेव्हा पीटर दोन वर्षांचा आणि सेरा काही महिन्यांची होती. 4 जानेवारी 1958 रोजी ते ट्रॅक्टर हाकत दक्षिण ध्रुवावर पोहोचले. घरी वर्षाहून अधिक काळ बाबा नाहीत. त्यानंतर नेपाळ. शेर्पा लोकांनी त्यांच्याकडे पैसा मागितला नाही, मुलांसाठी शाळा मागितली. 1961 मध्ये खुमजुंगला शाळा झाली, 1966 मध्ये कुंदेला रुग्णालय. मधल्या काळात लुक्ला येथे धावपट्टी. वर्षामागून वर्षे ते जात राहिले.

इथे कोणी आम्हाला विचारील, परक्यांच्या मुलांना शाळा आणि स्वतःच्या मुलांना बाप नाही, ही कसली वत्सलता? आम्हाला हा प्रश्न रास्त वाटतो. चांगल्या कामाच्या नावाखाली घर टाकणारी माणसे आपणही पाहिली आहेत. सभा, समिती, संस्था, सगळीकडे हजर. घरी मात्र पाहुणा. हिलरींविषयीही हे म्हणता आले असते. फरक एवढाच की ते बाहेर जाताना घराला सोबत नेऊ लागले. 1966 च्या नाताळात लुईस आणि तिन्ही मुले हिमालयात पायी चालली आणि लुईसने त्यावर पुस्तकही लिहिले. साहस आमच्या घरी सक्तीचे होते, अशा अर्थाचे काहीतरी पीटरने पुढे वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी सांगितले. त्यात थट्टा होती, थोडी तक्रारही असावी असा आमचा अंदाज.

1975 मध्ये हिलरी फाफ्लू या गावी आणखी एक रुग्णालय बांधत होते. दूर राहायला नको म्हणून कुटुंबाने नेपाळमध्ये बिऱ्हाड केले होते. 31 मार्च रोजी लुईस आणि 16 वर्षांची बेलिंडा काठमांडूहून एका लहान विमानाने त्यांना भेटायला निघाल्या. ते धावपट्टीवर वाट पाहत होते. विमान आले नाही. बऱ्याच वेळाने हेलिकॉप्टर आले, आणि त्यातून बातमी. विमान उडताच कोसळले होते.

वाचकहो, जरा थांबून विचार करा. आयुष्यभर घरापासून दूर राहिलेल्या माणसाने घर जवळ आणले, आणि जवळ आणले म्हणून ते गेले. बर्फाच्या कड्यावर स्वतःचा जीव धोक्यात घालणे त्याला ठाऊक होते. हे वेगळे होते. अशा माणसाला आपण काय सांगणार? ‘देवाची इच्छा’ हे शब्द आपल्याकडे फार लवकर ओठांवर येतात. आम्हीही कित्येक घरी दुःखात भेटायला जाऊन ते उच्चारले आहेत आणि परतताना आमची आम्हालाच लाज वाटली आहे. हिलरी फार धार्मिक नव्हते. त्यांनी लपवले नाही की पुढची काही वर्षे काळी गेली, झोपेसाठी गोळ्या आणि दारू यांचा आधार घ्यावा लागला. उरलेल्या दोन मुलांना त्या दिवसांत कसला बाप मिळाला असेल? याही काळाला कुटुंबवत्सल म्हणायचे का?

पण फाफ्लूचे रुग्णालय त्यांनी अर्धवट टाकले नाही. आणि 1977 मध्ये गंगासागरापासून गंगेच्या उगमाकडे जेट बोटींनी जाण्याची मोहीम काढली, तेव्हा पीटर त्यांच्यासोबत होता. नंदप्रयागजवळ धबधब्याने बोटी अडवल्या. पुढे डोंगर चढताना त्यांना उंचीचा त्रास झाला आणि हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले. शिखर राहिले. बापलेक गंगेवर आठवडेच्या आठवडे एकत्र होते, हे आम्हाला त्या मोहिमेतले मोठे यश वाटते. मोहिमेच्या इतिहासात ते कोणी मोजत नाही.

आणखी एक गोष्ट. त्यांचे जुने सोबती पीटर मलग्रू 1961 मध्ये मकालू शिखरावर मरता मरता वाचले होते. हिमदंशाने दोन्ही पाय गमावले. 28 नोव्हेंबर 1979 रोजी अंटार्क्टिका दाखवणाऱ्या प्रवासी विमानात माहिती सांगायला हिलरींच्या जागी ते गेले. विमान एरेबस पर्वतावर आदळून सर्व 257 जण ठार झाले. दहा वर्षांनी, 1989 च्या डिसेंबरात, हिलरी आणि मलग्रूंच्या पत्नी जून विवाहबद्ध झाले. दोन मोडक्या घरांचे एक घर. तेव्हा हिलरी 70 वर्षांचे होते आणि नुकतीच दिल्लीतील न्यूझीलंडच्या उच्चायुक्तपदाची मुदत संपली होती. पुढची 18 वर्षे जून त्यांच्यासोबत होत्या.

आता कबरीवरच्या शब्दाकडे येऊ. माणूस घरी किती दिवस होता हे मोजून तो शब्द द्यायचा असेल, तर आपल्या दफनभूमीतील अर्ध्या पाट्या बदलाव्या लागतील. आणि जो सतत घरी होता पण ज्याच्या पावलांच्या आवाजाने मुले गप्प व्हायची, त्याची पाटी मात्र राहील. हे आम्हाला पटत नाही. तसेच, दूर राहिलेल्या प्रत्येकाला ‘मुलांसाठीच तर गेला’ म्हणून माफ करणेही पटत नाही. काही जण मुलांसाठी गेले आणि काही जण मुलांपासून गेले, घरच्यांना हा फरक कळतो. आमचे मत विचाराल तर, चाळिसाव्याला बोलायला उभे राहणाऱ्याने एवढे तरी सांगावे की हा माणूस कुठे चुकला, कोणाचे देणे राहिले, आणि परत येण्यासाठी त्याने काय केले. घरच्यांना त्याचे वाईट वाटणार नाही. त्यांना ते आधीच माहीत असते.

हिलरी 11 जानेवारी 2008 रोजी ऑकलंडमध्ये वारले, वय 88. सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला. राखेचा थोडा भाग शेर्पा मित्रांकडे गेला होता. तो एव्हरेस्टच्या शिखरावर नेण्याचा बेत 2010 मध्ये ठरला, पण शिखरावर राख नेणे अशुभ होईल असे लामांनी सांगितल्यावर सोडून द्यावा लागला. बाकीची राख कुटुंबाने 29 फेब्रुवारी 2008 रोजी एका शिडाच्या जहाजावरून ऑकलंडजवळच्या समुद्रात, हाउराकीच्या आखातात, सोडली होती.