प्रारब्ध आणि साबण

क्रूझवर कुठूनही चढा, आजारी पडल्यावर ‘प्रारब्धात होते’ म्हणणारे भेटतातच. मला हे पटत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वरील ३७११ जणांपैकी सातशेहून अधिकांना कोविड झाला, जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या ‘कॉर्डेलिया’वर तपासणीत ६६ जण बाधित निघाले. बंद जागा, एकच जेवणघर, शेकडो हातांतून फिरणारा वाढण्याचा डाव. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस मोजक्या कणांनीही लागतो आणि सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. बुफेआधी साबण-पाण्याने वीस सेकंद हात चोळावेच लागतात.

‘आजारी आहे असे सांगितले तर खोलीत कोंडतील, पैसे बुडतील’ हा आक्षेप खरा आहे, आणि कंपन्यांनी परतावा द्यायला हवा. पण पतंजलींनी यमांत अहिंसेला आणि नियमांत शुचितेला पहिले स्थान दिले. दुखणे लपवून तोच डाव पुढे करणारा दोन्ही मोडतो. काळजी घेऊनही आजार येतो ना? येतो, प्रारब्धाचा प्रांत तिथून सुरू होतो, त्याआधी नाही. म्हणून उलट्या थांबल्यावरही निदान दोन दिवस इतरांच्या ताटांपासून दूर राहा.