शहराने दान घ्यावे ते कोणाच्या वतीने?

शहराला जमीन देणाऱ्याचे कौतुक लगेच होते. ती घ्यायची की नाही, हा प्रश्न मात्र सभागृहात बहुधा चर्चेविना निकाली निघतो. फुकट मिळते आहे तर नको कशाला म्हणायचे, एवढाच विचार त्यामागे असतो. आपल्याकडच्या शास्त्रकारांनी दानाचा विचार इतक्या घाईने केलेला नाही. देणाऱ्याने हक्क सोडला की दान झाले, असे मिताक्षरा मानत नाही. घेणाऱ्याने स्वीकार केला, त्याचा हक्क उभा राहिला, की मगच ते पुरे होते. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही स्वीकाराशिवाय बक्षीस पुरे होत नाही. म्हणजे घेणे हीसुद्धा एक कृती आहे आणि तिचे उत्तरदायित्व घेणाऱ्यावर येते. मग शहराने कोणते दान नाकारावे? याची कसोटी देणाऱ्याच्या चारित्र्यात शोधण्याची आपल्याला सवय आहे. माझ्या मते ती तिथे नाही. देणाऱ्याने जे सोडले ते खरोखर सोडले का, आणि शहर ज्यांच्या वतीने हात पुढे करते त्यांतल्या कोणाला वगळून तर ते घेत नाही ना, हे पाहायला हवे.

चारित्र्याची कसोटी आधी तपासू, कारण तिच्यामागे मोठी परंपरा उभी आहे. कोणाकडून काय घेऊ नये याची लांबलचक यादी मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात तर दुष्काळात उपाशी असलेले सप्तर्षी वृषादर्भी राजाचे दान नाकारतात. राजा उंबराच्या फळांत सोने भरून पाठवतो. फळे जड लागतात तेव्हा अत्री ती ओळखतात आणि ऋषी भुकेलेच पुढे जातात. ही कथा मोठी आहे, आणि गरजवंताला निवड नसते असे म्हणणाऱ्यांना ती चोख उत्तर देते. पण शहराला ती जशीच्या तशी लावता येत नाही. ऋषींनी नाकारले ते स्वतःचे अन्न. त्या नकाराची किंमत त्यांनी स्वतः मोजली आणि त्यातून राखले तेही स्वतःचेच तप. नगरपालिकेला स्वतःचे तप नसते. तिने सोवळे पाळायचे ठरवले तर त्याची किंमत मोजतात ती दाटीच्या वस्तीतली मुले, ज्यांना खेळायला मोकळी जागा उरत नाही. दुसऱ्याच्या वंचनेवर आपली शुद्धता राखणे याला वैराग्य म्हणता येत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये हा पेच प्रत्यक्षात आला होता. वेल्समध्ये जन्मलेल्या ग्रिफिथ जे. ग्रिफिथ यांनी १८९६च्या डिसेंबरमध्ये त्या शहराला ३,०१५ एकर जमीन उद्यानासाठी दिली. १९०३मध्ये त्यांनी आपल्या पत्नीवर गोळी झाडली. ती वाचली, पण तिचा एक डोळा गेला. ग्रिफिथ यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर, १९१२मध्ये, त्यांनी त्याच उद्यानात वेधशाळा बांधण्यासाठी एक लाख डॉलर देऊ केले, तेव्हा शहरात तीव्र विरोध उसळला आणि त्यांच्या हयातीत ते काम झाले नाही. १९१९मध्ये ते वारले. मृत्युपत्रातून आलेल्या पैशाने वेधशाळा उभी राहिली आणि १९३५मध्ये ती लोकांसाठी उघडली. विरोध करणाऱ्यांचा संताप मला समजतो, आणि तो खोटा नव्हता. पत्नीला जन्माचे अधू करणाऱ्याने शहराला देणगी देऊन प्रतिष्ठा परत मिळवावी, हे कोणाला रुचेल? पण यात दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या. घेणे वेगळे आणि गौरवणे वेगळे. शहर जमीन घेऊ शकते, पैसा घेऊ शकते, आणि तरीही देणाऱ्याचा सत्कार न करण्याचे, त्याचे नाव न लावण्याचे ठरवू शकते. क्षमा करण्याचा अधिकार तर शहराला मुळातच नाही. असलाच तर तो त्या स्त्रीचा. ग्रिफिथ यांचे नाव उद्यानाला तसेच राहिले, हे मला खटकते. पण त्या टेकड्यांवर जायला कोणाला मज्जाव नाही, आणि वेधशाळेत प्रवेश आजही विनामूल्य आहे. देणाऱ्याचा हात डागाळलेला होता. त्याने सोडले मात्र पुरते सोडले.

याच्या नेमके उलट उदाहरण जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहराचे. ऑगस्टस बेकन हे तिथले प्रतिष्ठित गृहस्थ, अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य. त्यांनी १९११मध्ये मृत्युपत्र केले आणि आपली सुमारे शंभर एकर जमीन पत्नी व मुलींच्या हयातीनंतर शहराला उद्यानासाठी ठेवली, पण ती गोऱ्या नागरिकांपुरती. आपल्या मनात काळ्या लोकांविषयी वैरभाव नाही, असेही त्यांनी त्यात नोंदवले होते. १९१४मध्ये ते वारले. शहराने दान घेतले. पुढची कित्येक वर्षे ते उद्यान शहराने राखले, त्यावर कर आकारला नाही, आणि शहरातल्याच काळ्या नागरिकांना तिथे पाऊल ठेवू दिले नाही. काळ बदलल्यावर पालिकेने दारे उघडली, तेव्हा उद्यानाच्या व्यवस्थापकांनी १९६३मध्ये दावा लावला, की शहराला विश्वस्तपदावरून दूर करा. शहराने विश्वस्तपद सोडले आणि खासगी विश्वस्त नेमले गेले. १९६६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की विश्वस्त बदलले तरी उद्यान सार्वजनिकच आहे, तिथे वर्णभेद चालणार नाही. त्यावर जॉर्जियातल्या न्यायालयाने म्हटले, की मग दात्याचा हेतूच संपला. जमीन वारसांकडे परत जावी. १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय पाच विरुद्ध दोन मतांनी कायम केला. पुढे तिथे दुकाने आणि इमारती उभ्या राहिल्या.

यातली एक गोष्ट विसरता येत नाही. ती अट पाळली गेली नाही तर जमीन वारसांना परत द्यावी, असे बेकन यांनी मृत्युपत्रात कुठेही स्पष्ट लिहिले नव्हते. न्यायालयाने तो अर्थ अटीतूनच काढला. म्हणजे 'फक्त यांच्यासाठी' असे म्हणणाऱ्या दात्याने मालकी वरवर सोडलेली असते; कोणी आत यावे हे ठरवण्याचा मालकाचा मूळ हक्क त्याने स्वतःजवळच ठेवलेला असतो, आणि त्याच्या मृत्यूनंतरही तो चालत राहतो. असे दान पुरे झालेले नसते. न्यायालयाने अट छाटून जमीन लोकांकडे ठेवायला हवी होती, असे मला वाटते. पण खरी चूक त्याआधीची, दान स्वीकारतानाची आहे.

१९११मध्ये सगळा समाजच तसा होता, जॉर्जियाच्या १९०५च्या कायद्याने अशा अटींना मुभाच दिली होती, मग त्या शहराला आजच्या मापाने का मोजायचे, असा आक्षेप येईल. मी आजचे माप लावत नाही. ज्यांना वगळले ते त्या दिवशीही मेकनचेच रहिवासी होते, आणि उद्यानाची निगा ज्या तिजोरीतून राखली गेली तिच्यात त्यांचाही पैसा होता. सर्वांच्या नावाने घ्यायचे आणि काहींना द्यायचे, हा विश्वासघात कळायला पुढच्या शतकाची गरज नव्हती.

आपल्याकडे पाहावे तर तत्त्व फार पूर्वी मांडलेले दिसते. धर्मशास्त्राच्या इतिहासात पां. वा. काणे यांनी दान आणि उत्सर्ग यांतला भेद नोंदवला आहे. तळे, विहीर, बाग यांचा उत्सर्ग करताना माणूस आपली मालकी सर्वांसाठी सोडतो. त्यानंतर त्याला त्या पाण्याचा उपयोग करता येतो तो सर्वांपैकी एक म्हणून, मालक म्हणून नव्हे. सार्वजनिक जमिनीच्या दानाला याहून नेमकी कसोटी मला माहीत नाही. पण हे तत्त्व सांगून छाती फुगवण्याचा हक्क आपल्याला नाही. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४मध्ये ठराव करून अस्पृश्यांना खुले केले, आणि ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तिथले पाणी प्यायले, तर त्यांच्यावर हल्ला झाला, त्याच वर्षी पालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि तळे खासगी असल्याचा दावा कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळेपर्यंत १९३७ साल उजाडले. मेकनमध्ये एका माणसाचे मृत्युपत्र होते, महाडमध्ये तेही नव्हते. एका अख्ख्या समाजाने न लिहिलेली अट पाण्याभोवती उभी केली होती. पालिकेने वारा फिरताच माघार घेतली, ही मला त्यातली सर्वांत लाजिरवाणी बाब वाटते, कारण सर्वांच्या वतीने धरून ठेवणे एवढेच तिचे काम होते.

मग दात्याने कुठलीच अट घालू नये का? घालावी. इथे झाडेच राहावीत, बांधकाम होऊ नये, प्रवेशाला पैसे लागू नयेत, अशा अटी लोकांच्या उपयोगाचे रक्षण करतात. पुढच्या एखाद्या लोभी सभागृहापासून जमीन वाचवण्याचा तो मार्गही ठरतो. आईच्या नावाची पाटी मागणाऱ्यालाही मी परत पाठवणार नाही. गीता प्रत्युपकाराच्या अपेक्षेने दिलेले दान राजस ठरवते, हे खरे आहे. पण राजस दानाने बिघडते ते देणाऱ्याचे पुण्य. बागेत बसणाऱ्याला त्याची सावली कमी पडत नाही. एखादी वस्ती, जात, धर्म किंवा वर्ण वगळणारी अट आली, की मात्र सभागृहाने नकार नोंदवावा, जमीन कितीही मोलाची असो. उरलेल्यांना तरी बाग मिळाली असती, हे म्हणणे इथे टिकत नाही. बाग नसण्याचे दुःख सगळे शहर वाटून घेते. बाग दिसते आहे आणि दारावर आपल्यालाच अडवले जाते आहे, हे दुःख शहर स्वतःच्या हाताने काहींना देत असते.

इतके चिकित्सक झालो तर दातेच आटतील, अशी भीती पालिकांना वाटते. ज्याला देताना माणसे निवडायची आहेत, त्याला खासगी विश्वस्त संस्था काढून, स्वतःच्या खर्चाने, कायद्याच्या मर्यादेत ते करता येते. त्याला शहराचे नाव, शहराची करमाफी आणि शहराचे माळी कशाला हवेत? तो शहराकडे येतो, कारण आपल्या निवडीवर सर्वांची संमती असल्याचा शिक्का त्याला हवा असतो. तो शिक्का सभागृहाच्या हाती आहे, आणि तो ज्यांचा आहे त्यांत दाराबाहेर ठेवले जाणारेही आहेत.